दुष्काळ सोसणारं पीक जनुक घालून तयार करता येतं, मग ते सगळीकडे का दिसत नाही?

कारण जगून राहणं वेगळं आणि दाणे भरणं वेगळं. घोडं तिथेच पेंड खातं.

मी काही वर्षं प्रयोगशाळेत हेच काम केलंय. कुंड्यांचं पाणी तोडायचं आणि बारा-पंधरा दिवस वाट पाहायची. साधी रोपं माना टाकतात, जनुक घातलेली हिरवीगार राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेले होते. मग रोज कुंड्या वजनकाट्यावर ठेवायला लागले, तर आमच्या रोपांच्या कुंड्या जड भरायच्या. म्हणजे मातीत ओल शिल्लक होती! रोपं खुजी, पानं लहान, त्यामुळे पाणीही कमी प्यायलेली. दुष्काळ त्यांच्यापर्यंत अजून पोचलाच नव्हता.

हा खुजेपणा येतो कुठून? डीआरईबी१ए नावाचं जनुक घ्या. ते बचावाच्या इतर अनेक जनुकांना जागं करतं. कायम चालू ठेवलं, तर पाणी भरपूर असतानाही रोपाची वाढ खुंटते. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात त्यावर तोड दाखवली: ताण आल्यावरच चालू होणारा प्रमोटर (जनुक कधी चालू व्हायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा) जोडायचा. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोलाची कल्पना हीच.

शेतात पोचलेली पिकं मोजकीच. अमेरिकेत बॅसिलस जिवाणूचं जनुक घातलेला मका २०१३ पासून आहे. सूर्यफुलाचं जनुक घातलेल्या एचबी४ गव्हाला अर्जेंटिनाने २०२० मध्ये मंजुरी दिली खरी, पण ब्राझील तो घेणार असेल तरच, या अटीवर. लागवडीची वाट मोकळी व्हायला २०२२ उजाडलं.

पुराचं गणित त्यामानाने सोपं निघालं. ओडिशातल्या एका जुन्या भातातलं सब१ए जनुक (हे साध्या संकरातूनच नव्या वाणांत आणलं, जनुकीय अभियांत्रिकीने नव्हे) पाण्याखाली वाढ थांबवून साखर वाचवतं, आणि रोप सुमारे दोन आठवडे तग धरतं. पूर येतो नि ओसरतो. दुष्काळ मात्र कधी गाठेल याचा नेम नसतो. मक्याला ऐन फुलोऱ्यात ताण बसला, तर तुरा वेळेवर येतो पण कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात. तोवर पराग झडून गेलेला असतो. झाड बाहेरून हिरवं दिसतं, आणि कणीस सोलावं तर आत जेमतेम चार दाणे.