काठ बघा, पण कापडही बघा

प्रश्न: सेल्व्हेज डेनिमचं हल्ली फार कौतुक चाललंय, जीन्सचा पाय दुमडून आतली लाल रेघ दाखवत फिरतात लोक. ती रेघ असली म्हणजे कापड भारी असं समजायचं का? आणि किंमत एवढी का? साधी जीन्सपण सुतीच असते ना?

उत्तर: सेल्व्हेज म्हणजे विणतानाच बांधलेला कापडाचा काठ, ती रेघ त्याच काठावरची, बाकी काही नाही. जुन्या मागावर धोटा असतो, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी छोटी नाव, धाग्याची कांडी त्यात बसवलेली असते, धोटा या कडेकडून त्या कडेला जातो आणि तोच धागा घेऊन परत फिरतो, त्यामुळे धागा कडेला तुटत नाही, वळतो, आणि काठ विणतानाच बांधला जातो. नवीन मागांवर धोटाच नसतो, हवेच्या झोताने वगैरे धागा आत सोडतात आणि दर वेळी कापतात, म्हणून कडेला दशा राहतात आणि शिवताना ओव्हरलॉक मारावं लागतं. रंगीत धागा गिरण्या ओळखीसाठी घालायच्या, लिव्हाइसच्या कापडाला लाल. आता काय, कुठल्याही कापडाला कुठलीही रेघ घालता येते.

किंमतीचं कारण मागातच आहे. जुन्या मागावरचं कापड साधारण 28 ते 32 इंच रुंद, नव्या मागावर त्याच्या दुप्पट, आणि वेग तर कितीतरी पट जास्त. शिवाय पायाची बाहेरची शिवण बरोब्बर काठावर आणायची म्हणजे कापड बेतताना हात बांधलेले असतात.

पण मला विचाराल तर खरी मजा धाग्यात आणि रंगात आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. डेनिममध्ये ताणा, म्हणजे उभे धागे, निळा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, पांढरा असतो, म्हणून जीन्स उलटी केली की पांढरट दिसते. ताण्याचे धागे दोरखंडासारखे एकत्र करून निळीच्या टाकीत बुडवतात, बाहेर काढून हवा लागू देतात, परत बुडवतात, असं अनेकदा. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून टाकीत ती आधी वेगळ्या रूपात आणावी लागते, धागा बाहेर येतो तेव्हा पिवळट हिरवा असतो आणि हवेतल्या ऑक्सिजनने बघता बघता निळा होतो, हे प्रत्यक्ष बघाल तर खिळून राहाल. दर बुडीला निळा थर चढतो पण तो वरच्यावर बसतो, धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही. कापलेल्या कडेतून एक निळा धागा ओढून त्याचा पीळ उलगडून बघा, आत पांढरा कापूस दिसेल. जीन्स घासली जाते तिथे वरची नीळ झडते आणि हा पांढरा वर येतो, गुडघ्यामागच्या चुण्या, खिशातल्या फोनचा चौकोन, सगळं त्याच्यामुळे उमटतं. तुमची जीन्स तुमच्यासारखी दिसायला लागते ती अशी, आणि म्हणूनच मला कारखान्यात घासून विटवलेल्या जीन्सपेक्षा कोरी कडक जीन्स कायम जवळची वाटते.

दुसरं म्हणजे सूत. रिंगवर, म्हणजे कताईच्या एका प्रकारच्या यंत्रावर, कातलेला धागा कुठे जाड कुठे बारीक असतो, आणि जुना माग ताणा फार खेचून धरत नाही, त्यामुळे तो उंचसखलपणा कापडात टिकतो, हात फिरवला की कळतो. म्हणून घेताना काठ शेवटी बघा, आधी कापड बोटांत धरून बघा.

प्रश्न: अमेरिकेतले जुने माग जपानने विकत नेले म्हणून तिथलं डेनिम चांगलं, असं ऐकलं, खरं का?

उत्तर: गोष्ट छान आहे, पण जपानमधलं सेल्व्हेज मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या टोयोडा मागांवर विणलं जातं. साकिची टोयोडांनी 1924 मध्ये असा माग आणला की कांडी संपली तरी माग न थांबता धोटा बदलायचा, आणि टोयोटा मोटारींचा धंदा याच घराण्याच्या माग कारखान्यातून निघाला. कुराबो गिरणीने 1973 मध्ये जपानी डेनिम विणलं, आज तिथल्या ओकायामा प्रांतातलं कोजिमा हे ठिकाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेत ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी 1905 पासून चालू होती, तिथे ड्रेपर कंपनीचे धोट्याचे माग होते, ती 2017 च्या शेवटी बंद पडली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न: अशी जीन्स महिनोन्महिने धुवायची नाही म्हणे?

उत्तर: धुवा हो! घाम आणि धूळ साचून सूत कुजतं, मग बैठकीच्या शिवणीजवळ कापड फाटतं आणि सगळी मेहनत वाया. चुण्या ठळक हव्या असतील तर पहिलं धुणं थोडं लांबवा, एवढंच. उलटी करून, गार पाण्यात, सौम्य साबण, सावलीत वाळवा, सुरुवातीला वेगळी धुवा कारण रंग जातो. नवी असताना फिक्या रंगाच्या सोफ्यावर बसतानाही जपा. आणि घेतानाच विचारून घ्या की कापड सॅनफोराइज्ड आहे का, म्हणजे आधीच आटवलेलं. नसेल तर ते चांगलंच आटतं, दहा टक्क्यांच्या आसपासही जाऊ शकतं, तेव्हा माप मोठं घ्या, आधी भिजवून वाळवा आणि लांबी त्यानंतरच कापून घ्या.