पोहता येत नाही, तरी समुद्रतळाचे जिवाणू अभ्यासायचे आहेत

प्रश्न : मी बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. खोल सागरी गर्तांमध्ये नायट्रोजन चक्र चालवणाऱ्या जिवाणूंवर संशोधन करायचं आहे. पुढे समुद्रशास्त्र घेऊ का? मला पोहता येत नाही, बोटही लागते. शिवाय घरचे म्हणतात, यात नोकरी नाही.

उत्तर : पोहण्याची काळजी सोड. 6,000 मीटरच्या खाली यंत्र उतरतं आणि गाळाचा नमुना घेऊन वर येतं. मोहिमा मोजक्याच असतात, बाकी वर्षभर प्रयोगशाळा आणि संगणक. (बोट लागण्यावर गोळ्या मिळतात.)

एमएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रच घे. समुद्रशास्त्र पीएचडी करता करता शिकता येतं, उलटं जड जातं. कारण यातले खरे प्रश्न पेशीच्या आतले आहेत. मारियाना गर्तेचा तळ सुमारे 10,900 मीटरवर, तिथला दाब वातावरणाच्या हजारपटीहून जास्त, पाणी जेमतेम 2 अंशांचं. अशा दाबात आणि थंडीत पेशीपटल ताठरतं. तिथे रुळलेले बरेच जिवाणू पटलात असंतृप्त मेदाम्लं वाढवून ते प्रवाही ठेवतात. त्या पाण्यात अमोनियाचं नायट्राइट करणारे मुख्यतः जिवाणू नव्हेतच, आर्किया आहेत (दिसायला जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय सूक्ष्मजीव). मुलाखतीत इथे हमखास पकडतात. गाळात प्राणवायू संपला की ॲनामॉक्स जिवाणूंचं राज्य. ते अमोनिया आणि नायट्राइट जोडून नायट्रोजन वायू सोडतात. पॅसिफिक महासागरातल्या अटाकामा आणि केर्माडेक गर्तांच्या गाळात ते सापडले आहेत.

आता खरी मेख. नमुना वर येताना दाब उतरतो, म्हणजे जहाजावर मोजलेला वेग तळाशी तसाच असेल असं नाही. त्यात ॲनामॉक्स जिवाणू दुप्पट व्हायलाच आठवडा-दोन आठवडे घेतात आणि शुद्ध संवर्धनात वाढवणं फार कठीण. म्हणून गाळातून थेट डीएनए काढून जनुकसंच जुळवावे लागतात. पायथॉन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा आणि संख्याशास्त्र आजच सुरू कर.

नोकरीचं म्हणशील तर ॲनामॉक्सचा शोधच मुळी सांडपाणी शुद्धीकरणातून लागला. रॉटरडॅममध्ये 2002 मध्ये त्यावरचा पहिला पूर्ण क्षमतेचा रिॲक्टर उभा राहिला. सांडपाण्यातला नायट्रोजन काढायला या जिवाणूंची जाण असलेली माणसं लागतात, हे घरच्यांना सांग.

प्रकल्प ठरला नसेल तर सार्वजनिक जनुकसंग्रहातून एखाद्या गर्तेचा डेटा उतरव, त्यात अमोनिया ऑक्सिडीकरणाचं एएमओए जनुक शोध आणि जे निघेल ते पीएचडीच्या अर्जाला जोड.