पत्रोत्तरे: झांबियाची मुलगी, नैरोबीची लेक आणि खोडदच्या अँटेना

पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी मुलांना पदवीनंतर कोणत्या शिष्यवृत्त्या मिळू शकतात, याबद्दल गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळंच त्या विषयाला दिलं आहे. माझं नोकरीचं सगळं आयुष्य पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात गेलं. टांझानिया, सुदान, मलावी, नामिबिया इथून आलेल्या मुलांच्या फायली रोज हातात असायच्या. पुढे शिकायची कुवत असूनही केवळ माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

*ताई, आमच्या वरच्या मजल्यावर झांबियाची एक मुलगी भाड्याने राहते. गणित घेऊन बीएस्सी करते, शेवटचं वर्ष आहे. माझ्या नातवाचा अभ्यास तीच घेते. घरून आता पैसे येणं अवघड झालंय. एमएस्सीला इंग्लंडला जायचं म्हणते, पण नेमका कुठे अर्ज करायचा ते तिला कळत नाही. तुम्ही सांगाल ते आम्ही तिला समजावून सांगू.*
— एक वाचक, कोंढवा, पुणे

तिला आधी एकच विचारा: पदवी तीन वर्षांची आहे की चार? पुढचं सगळं यावर ठरतं, आणि नेमकं हेच आपल्याकडे कोणी मुलांना सांगत नाही.

चार वर्षांची असेल, किंवा नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथं वर्ष करायची सोय तिच्या महाविद्यालयात असेल, तर तिने इंग्लंडच्या आधी 'एम्स'कडे पाहावं. आपल्या दिल्लीच्या इस्पितळाशी याचा संबंध नाही. ही गणितशास्त्रांची आफ्रिकी संस्था, आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस. नील टुरॉक या विश्वशास्त्रज्ञाने २००३ मध्ये केपटाऊनजवळ म्यूझेनबर्गला, समुद्रासमोरच्या एका जुन्या हॉटेलात ती सुरू केली. टुरॉक यांचे आईवडील वर्णभेदाविरुद्ध लढताना तुरुंगात गेलेले. आफ्रिकेतल्या हुशार मुलांना गणितासाठी खंड सोडावा लागू नये, हा त्यांचा ध्यास आहे. पुढे सेनेगल, घाना, कॅमेरून आणि रवांडातही केंद्रं निघाली. शिक्षण, राहणं, जेवण यांचा खर्च संस्था करते. साधारण दहा महिन्यांचा अभ्यासक्रम, जगभरातले प्राध्यापक येऊन तीन-तीन आठवडे शिकवतात आणि मुलांबरोबर तिथेच राहतात. रात्री जेवणाच्या टेबलावरही गणित चालू असतं. दहा-पंधरा देशांची मुलं एका छताखाली येतात, त्यांतली कित्येक फ्रेंच बोलत आलेली असतात. शेवटी एका मार्गदर्शकाबरोबर छोटं संशोधन करून निबंध लिहायचा. इतकी चांगली सोय आपल्याकडच्या मुलांनाही क्वचित मिळते, आणि ही खास आफ्रिकेच्या मुलांसाठी आहे.

पदवी तीन वर्षांची असेल तर 'एम्स'ला अडचण येते, कारण ते चार वर्षांची पदवी मागतात. मग दक्षिण आफ्रिकेतला दुसरा रस्ता धरायचा. तिथे बीएस्सी तीन वर्षांची, त्यानंतर एक वर्षाचं 'ऑनर्स' आणि मग एमएस्सी. म्हणजे आपल्या तीन वर्षांच्या पदवीला तिथे सरळ पुढची पायरी आहे. मँडेला ऱ्होड्स शिष्यवृत्ती याच ऑनर्ससाठी किंवा एमएस्सीसाठी मिळते. आफ्रिकेतल्या कोणत्याही देशाचं नागरिकत्व आणि १९ ते २९ वय हवं. शुल्क, राहणं, हातखर्च सगळं त्यात येतं. निवड करताना गुणांबरोबर तुम्ही आजवर लोकांसाठी काय केलंत हेही पाहतात. तुमच्या नातवाला ती गणित शिकवते, हे तिने अर्जात लिहावं. शेजारच्या मुलांनाही घेत असेल तर तेही. मुलांना ही किरकोळ गोष्ट वाटते, तशी ती नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आणि विद्यापीठाचा वेगळा, दोन्ही करायचे. परदेशी पदवीचं मूल्यांकन तिथे 'सॅक्वा' ही संस्था करते. विद्यापीठाने ते मागितलं तर वेळ लागतो, म्हणून आधीच चौकशी करून ठेवावी.

इंग्लंडचं नाव ती घेते ते बहुधा चीव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे. त्याला किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो (२,८०० तास असा हिशेब धरतात) आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. आत्ता बीएस्सीतून बाहेर पडणाऱ्या मुलीने त्यात वर्ष घालवू नये. इंग्लंडच हवं असेल तर 'कॉमनवेल्थ शेअर्ड' शिष्यवृत्ती पाहावी. झांबिया कॉमनवेल्थमध्ये आहे आणि ही शिष्यवृत्ती ज्यांना स्वतःच्या पैशाने जाणं शक्य नाही त्यांच्यासाठीच असते. चीव्हनिंगचं चार वर्षांनी बघू म्हणावं.

*आम्ही नैरोबीत स्थायिक मराठी कुटुंब. मुलीचा जन्म इथलाच, पासपोर्ट केनियाचा. प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली, कीटकांवर पीएचडी करायची आहे. 'आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी' असं लिहिलेल्या शिष्यवृत्तीला ती पात्र धरतात का? आम्हाला विचारायलाही संकोच वाटतो.*
— एक वाचक, नैरोबी

संकोच कशाला? पासपोर्ट केनियाचा आहे, ती केनियाची नागरिक आहे. अशा बहुतेक शिष्यवृत्त्यांमध्ये नागरिकत्व पाहतात, आडनाव पाहत नाहीत. तिथे जन्मलेली, तिथे शिकलेली मुलगी तिथल्या शेतीसाठी काम करू पाहते आहे. तिने मान वर करून अर्ज करावा.

आणि कीटक म्हणालात तर तुम्ही अगदी योग्य शहरात आहात. कासारानीला 'इसिपे' ही कीटकशास्त्राची संस्था आहे. थॉमस ओधियांबो या केनियन शास्त्रज्ञाने ती १९७० मध्ये उभी केली. तिथलं एक काम आपल्या शेतकऱ्यांनाही जवळचं वाटेल. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे द्विदल पीक लावायचं आणि शेताच्या कडेने हत्तीगवत. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिडीचे पतंग मक्यापासून दूर जातात, हत्तीगवताकडे ओढले जातात, आणि डेस्मोडियममुळे स्ट्रायगा हे मक्यावर वाढणारं परजीवी तणही मागे हटतं. भारतात जन्मलेले झेयाउर खान यांनी इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संस्थेबरोबर ही पद्धत घडवली. २०१६ मध्ये आफ्रिकेत लष्करी अळी शिरली, तेव्हा अशा शेतांत तिचाही त्रास कमी दिसला. हीच अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि महाराष्ट्रातला मका तिने कसा खाल्ला हे इथल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून तुमच्या मुलीचं काम मला केवळ तिच्या पदवीपुरतं वाटत नाही.

इसिपेमध्ये पीएचडीच्या दोन वाटा आहेत. एक 'आर्पिस', १९८३ पासून चालत आलेला आफ्रिकाभरच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम. दुसरी 'ड्रिप': चालू प्रकल्पाच्या पैशातून प्रबंधाचं संशोधन करायचं. दोन्हीत प्रयोगशाळा इसिपेची, नोंदणी विद्यापीठात. इथे एक गोष्ट नीट वाचा. आर्पिसला बराच पैसा 'डाड' या जर्मनीच्या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेकडून येतो, आणि डाडच्या आफ्रिकेतल्या शिष्यवृत्त्या दोन प्रकारच्या असतात: स्वतःच्या देशात शिकणाऱ्यांसाठी आणि शेजारच्या आफ्रिकी देशात जाणाऱ्यांसाठी. तुमची मुलगी केनियन आणि संस्थाही केनियात, तेव्हा कोणती जाहिरात कोणत्या प्रकारची आहे ते पाहूनच अर्ज करावा. जूजाच्या जोमो केन्याटा विद्यापीठात आफ्रिकी संघाच्या पॅन आफ्रिकन युनिव्हर्सिटीची विज्ञान-तंत्रज्ञान शाखा आहे, तिथेही शिष्यवृत्तीसह पीएचडी होते.

शिवाय नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे या देशांत पीएचडी ही बहुतेकदा नोकरी असते. जागा निघते, पगार मिळतो, कोणत्याही देशाचा माणूस अर्ज करू शकतो. 'शिष्यवृत्ती' एवढाच शब्द घालून शोधलं तर या जागा सापडतच नाहीत. विद्यापीठांच्या नोकऱ्यांच्या पानावर शोधावं लागतं. तिने ज्यांच्याकडे काम करायचं त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, त्यातला एक खरा प्रश्न विचारणारी दहा ओळींची मेल लिहावी. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला तर कोणी उत्तर देत नाही.

*मी नारायणगावजवळ शिक्षक आहे. विज्ञान दिनाला मुलांना खोडदच्या दुर्बिणी दाखवायला नेलं, तेव्हा आफ्रिकेतले विद्यार्थी भेटले. ते रेडिओ खगोलशास्त्र शिकतात म्हणाले. आफ्रिकेत याची सोय आहे का?*
— एक वाचक, जुन्नर तालुका

आहे, आणि फार मोठी आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या कारू वाळवंटात ६४ अँटेनांची मीरकॅट दुर्बीण २०१८ मध्ये सुरू झाली, आणि तिथेच आता एसकेए या महादुर्बिणीचा एक भाग उभा राहतो आहे. त्यासाठी माणसं घडवायची म्हणून दक्षिण आफ्रिकेने २००५ पासूनच ऑनर्स, एमएस्सी, पीएचडीला शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली. दुर्बीण पुढची, माणसं आधी, हा क्रम मला फार आवडतो. स्वतःच्या मुलांबरोबर बोट्स्वाना, घाना, केनिया, मादागास्कर, मॉरिशस, मोझांबिक, नामिबिया आणि झांबिया या भागीदार देशांच्या मुलांनाही त्यात घेतलं. (कोंढव्याच्या वाचकांनी झांबियाचं नाव टिपून ठेवावं. गणिताच्या मुलीला इथेही जागा असू शकते.) घानाने तर कुंटुन्सेची दूरसंचाराची वापरात नसलेली ३२ मीटरची अँटेना दुरुस्त करून २०१७ मध्ये दुर्बीण म्हणून कामाला लावली.

तुमच्या वर्गातल्या मुलांना हेही सांगा की मीरकॅटवरच्या मोठ्या सर्वेक्षणांपैकी एकाचं नेतृत्व पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतून होतं.

*एक एजंट 'खात्रीची शिष्यवृत्ती' देतो म्हणून माझ्या टांझानियन वर्गमित्राकडे साठ हजार मागतोय. द्यावेत का?*
— एक विद्यार्थी, पुणे

एक रुपयाही देऊ नये. भारत सरकारच्या आयसीसीआर या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी स्वतः त्यांच्या पोर्टलवर मोफत भरतो. चीव्हनिंगला, मँडेला ऱ्होड्सला अर्जाचे पैसे लागत नाहीत. काही विद्यापीठं प्रवेश अर्जाचं शुल्क घेतात, ते थेट विद्यापीठाला भरायचं. मित्राने पासपोर्टची प्रत त्या माणसाला दिली असेल तर इथून पुढे त्याला काहीच पाठवू नये.

*मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. सुदान आणि टांझानियाचे विद्यार्थी शिफारसपत्र मागतात. आपण देतो तसं पत्र चालतं का? एका सुदानी विद्यार्थिनीची खार्तूमची मूळ कागदपत्रं मिळत नाहीत, तिला काय सांगू?*
— एक प्राध्यापक

सर, तुम्ही विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला. 'हा विद्यार्थी कष्टाळू, नम्र व शिस्तप्रिय असून त्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' हे पत्र चालत नाही. निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही, आणि दुसऱ्या उमेदवाराच्या प्राध्यापकाने दोन पानं लिहिलेली असतात. त्याने प्रयोगशाळेत काय केलं ते लिहा. उपकरण बिघडलं तेव्हा त्याने कुठे चूक शोधली, कोणता प्रश्न विचारला, प्रकल्पाचा कोणता भाग त्याचा एकट्याचा होता. वर्गात तो कितवा हे माहीत असेल तर तेही.

गुणांबद्दल एक ओळ हवीच. आपल्याकडे ६८ टक्के म्हणजे चांगला प्रथम वर्ग. ज्या देशात नव्वदीच्या घरात गुण मिळतात तिथल्या माणसाला तो सामान्य विद्यार्थी वाटतो. 'या विषयात या वर्षी सत्तरच्या वर मोजकेच गेले' एवढं तुम्ही खरंखुरं लिहिलंत तर त्या ६८ चा अर्थ बदलतो. पत्र महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरून पाठवा, अनेक ठिकाणी खासगी पत्त्यावरून आलेलं घेत नाहीत. शिक्षण इंग्रजीतून झाल्याचं प्रमाणपत्रही कार्यालयातून मिळवून द्या. काही विद्यापीठं त्यावर इंग्रजीची परीक्षा माफ करतात, आणि त्या परीक्षेचे पैसे वाचणं ही या मुलांसाठी मोठी गोष्ट असते. ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत दाखल्याच्या, एकदम चार-पाच प्रती मागवायला सांगा. मायदेशी गेल्यावर तिकडून पुण्याच्या परीक्षा विभागाशी पत्रव्यवहार करताना मुलं हतबल होतात.

त्या सुदानी मुलीबद्दल. १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये युद्ध पेटलं आणि विद्यापीठं बंद पडली. तिची कागदपत्रं मिळत नाहीत यात तिचा काही दोष नाही, आणि परदेशातल्या प्रवेश कार्यालयांनाही ही परिस्थिती ठाऊक आहे. तिने अर्ज भरायच्या आधी त्यांना लिहावं, जवळ जे असेल ते जोडावं: जुनी गुणपत्रिका, इथे प्रवेश घेताना दिलेल्या प्रती, पात्रता प्रमाणपत्र. तुमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश फायलीत तिच्या मूळ कागदांच्या साक्षांकित प्रती असायलाच हव्यात. त्यांच्या नकला शिक्का मारून देणं कार्यालयाच्या हातात आहे. कारकून 'नियमात नाही' म्हणाले तर प्राचार्यांकडे तुम्ही स्वतः जा, तिला एकटीला पाठवू नका. व्हिसा आणि निवास परवान्याची मुदतही बघून ठेवा, निकाल लांबला की ती आधी संपते.

पत्र लिहून झालं की मसुदा मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. सोबत मुलीचा विषय आणि ती कुठे अर्ज करते आहे ते लिहा. मी वाचून, सुचेल ते लिहून परत पाठवते.