मोरीखालचा खड्डा वाढतच राहतो का?

प्रश्न : आमच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओढ्यात नळ्या टाकून मोरी बांधली आहे. पाणी बाहेर पडते तिथे पहिल्याच पावसाळ्यात कमरेइतका खड्डा पडला. पुढे तो फारसा खोल झाला नाही, पण यंदा काँक्रीटच्या ॲप्रनला (नळ्यांच्या तोंडापुढे तळावर घातलेल्या फरशीला) तडे गेले आहेत. खड्डा असाच वाढत जाणार का?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : चार मीटर रुंद ओढ्याचे पाणी 900 मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांतून काढले, तर त्याला जेमतेम सव्वा चौरस मीटर वाट मिळते. त्यामुळे वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की तळ खरवडण्याचा जोर साधारण चौपट होतो. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या मार्गदर्शिकेनुसार, प्रयोगांमध्ये खड्ड्याच्या कमाल खोलीपैकी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश खोली पहिल्या 30 मिनिटांतच झाली. खड्डा खोल झाला की झोताचा जोर त्यातल्या पाण्यातच जिरतो आणि खोदकाम मंदावते. चिकट काळ्या मातीत मात्र हेच काम कित्येक पावसाळे चालते.

आपल्याकडे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. पंचगंगेला महापूर येतो तेव्हा नदीचे पाणी ओढ्यांत फुगून मोरीपर्यंत चढते, झोताचा जोर मोडतो आणि धूप कमी होते. खरा धोका वळवाच्या पावसात असतो, कारण तेव्हा नदी खाली असते आणि ओढा एकदम भरून येतो.

तेव्हा कमरेइतक्या खोलीपेक्षा तड्यांची काळजी अधिक करावी. झोतामागे उलटे फिरणारे पाणी ॲप्रनच्या कडेखालची माती काढून नेते, काँक्रीट अधांतरी राहते आणि स्वतःच्याच वजनाने मोडते. खड्डा पूर ओसरताना गाळाने भरतो, म्हणून वरवर पाहून खोली कळत नाही. लोखंडी सळई खुपसून घट्ट थर कुठे लागतो ते पाहावे, आणि ॲप्रनच्या कडेखाली सळई आडवी आत जाते का, हेही तपासावे. ती आत जात असेल, तर आधी पोकळी भरून कडेला जमिनीत खोल उतरणारी पडदी भिंत बांधावी आणि पुढे बारीक खडीच्या थरावर मोठ्या दगडांचे पिचिंग (तळावर दगड घट्ट रचून केलेले अस्तर) करावे. नुसता मुरूम टाकणे म्हणजे पुढच्या पावसाला खाऊ देणे.

ओढ्याचा तळच खालच्या बाजूने, उदाहरणार्थ वाळू-मुरमाच्या उपशामुळे, खचू लागला असेल आणि ही खचण मोरीच्या दिशेने वर सरकत असेल, तर मात्र खड्डा आपोआप थांबणार नाही. त्यासाठी मोरीपासून खाली शंभरेक मीटरपर्यंत ओढ्यात कुठे ताजी पायरी पडली आहे का, हे चालत जाऊन पाहावे.