नव्या प्लेस्टेशनची वाट पाहू, की आरडी मोडू?

मूळचे परभणी जिल्ह्यातले, सध्या वाळूज एमआयडीसीत नोकरी करणारे एक वाचक विचारतात: 'पगार हातात २२,००० येतो. आरडीत ६२,००० जमलेत. घरी जुना पीएस४ आहे. मित्र म्हणतो, पीएस५ घेऊ नको, दोन वर्षांत पीएस६ येतोय, त्यात एआय असणार. आरडी मोडून आत्ताच पीएस५ घेऊ की थांबू?'

पीएस म्हणजे सोनी कंपनीचं प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, म्हणजेच कन्सोल. मित्राचा अंदाज हवेतला नाही. पीएस३ २००६ साली आला, पीएस४ २०१३ला, पीएस५ २०२०ला. सात-सात वर्षांचं अंतर. ऑक्टोबर २०२५मध्ये प्लेस्टेशनची रचना करणारे सोनीचे मार्क सर्नी यांनी चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीबरोबर चाललेलं काम दाखवलं. एआयनं चित्र जास्त रेखीव करायचं, उजेड-सावलीचं गणित चिपमधल्या वेगळ्या भागाकडे सोपवायचं, आणि काही वर्षांनी हे कन्सोलमध्ये आणायचं. पण त्यावरून किंमत कळत नाही, आणि तुमचा प्रश्न किमतीचाच आहे.

थांबलं की वस्तू स्वस्त मिळते, हा आपला हिशेब इथे चुकलाय. डिस्कवाला (गेमची डिस्क घालता येणारा) पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ अखेरीस ५४,९९० झाला. २०२४चा पीएस५ प्रो, म्हणजे त्याचं वरचं मॉडेल, तर डिस्क ड्राइव्हशिवायच आला. ड्राइव्हचे पैसे वेगळे. पुढच्या कन्सोलमध्येही तसंच झालं, तर तुमच्या जुन्या डिस्कांसाठी वरचा खर्च आलाच.

तुमचे वडील पावसाचा अंदाज रोज ऐकत असतील, पण वाफसा आल्याशिवाय तिफण धरत नसतील. तुमचा वाफसा आरडीत बघायचा. खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे धरून महिन्याला १८,००० जातात, असं तुम्ही लिहिलंय. तीन महिन्यांचे ५४,००० बाजूला काढले, तर मोकळे फक्त ८,००० उरतात. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा घरी पैसे तुम्हीच पाठवले होते. तशी वेळ पुन्हा आली आणि आरडी मोडलेली असली, तर सावकाराकडे किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे हात पसरावा लागेल. मला काळजी त्याची वाटते.

म्हणून आत्ता घेऊ नका. ईएमआयवर तर नकोच. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी प्रोसेसिंग फी बघा. महिन्याला ४,०००ची आरडी चालू ठेवा. १४ महिन्यांत ५६,००० होतील, मोकळ्या ८,०००सह ६४,०००. तोवर नवा कन्सोल जाहीर झाला असेल, तर त्याची खरी किंमत समोर असेल आणि संभाजीनगरात सेकंडहँड पीएस५ही जास्त दिसू लागतील. नसेल झाला, तर रोखीनं नवा पीएस५ घ्या, मात्र डिस्कवालाच. पीएस४च्या डिस्का विकू नका. त्यातल्या जवळजवळ सगळ्या त्यावर चालतात.