दीर म्हणतात भात बंद, नणंद म्हणते दूध बंद, मी शिजवू काय?

प्रश्न: नमस्कार मॅडम, आमच्या ह्यांना (वय ५१) चार वर्षं झाली शुगर आहे, आत्ताचं एचबीए१सी (म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.२ आलंय, वजन ८४ किलो, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी एकत्र गोळी दोन वेळा चालू आहे. गणपतीत सगळे जमले तेव्हा घरात नुसतं महाभारत झालं. दीर पुण्याला असतात, त्यांनी लो कार्ब करून सहा महिन्यांत १३ किलो उतरवलेत, ते म्हणतात पोळी-भात बंद, अंडी-पनीर-चिकन खायचं. नणंद म्हणते त्याने हार्टची वाट लागते, तिने प्लांट बेस्ड धरलंय, दूध-दही पण सोडलंय आणि तिचीही शुगर खाली आलीये. आता हे आठवड्यात तीन दिवस दिरांचं ऐकतात नि चार दिवस नणंदेचं. मी स्वयंपाक नक्की कुणाचा करू? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: ताई, आधी ते तीन दिवस-चार दिवसांचं आजच बंद करा, बाकी सगळं नंतर. कारण गोळीत ग्लिमेपिराइड आहे. पोटात पोळी गेलीये की नाही हे ती गोळी बघत नाही, ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते म्हणजे घेतेच, त्यामुळे ज्या दिवशी ताटातनं पोळी-भात एकदम गायब त्या दिवशी शुगर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर असं काहीही होऊ शकतं. तसं झालंच तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तेव्हा कीटो-बिटो (म्हणजे कार्ब जवळपास बंदच, असा कडक लो कार्ब) आठवायचं नाही. लो कार्ब करायचंच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्या. आणि पुढे कधी डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी शुगरची गोळी) सुरू झालं तर कडक कीटो अजिबातच नको, त्यात साखर ठीकठाक दिसत असताना रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून माणूस सिरीयस होऊ शकतो.

आता तुमचं महाभारत. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत. २००६ मध्ये अमेरिकेत डॉ. नील बर्नार्ड यांनी ९९ जणांवर २२ आठवडे अभ्यास केला, त्यात ज्यांची औषधं बदलली नव्हती त्यांच्यापैकी कमी तेलाच्या वीगन (दूध-अंडीही नाही अशा) आहारवाल्यांचं एचबीए१सी सरासरी १.२३ ने उतरलं आणि तिथल्या डायबेटिस असोसिएशनच्या तेव्हाच्या नेहमीच्या आहाराने ०.३८ ने. झाली नणंद खूश. दिरांकडे २०१८ चा अभ्यास आहे, तोही अमेरिकेतलाच, २६२ लोकांनी कीटो सुरू केलं आणि वर्षभरात एचबीए१सी सरासरी ७.६ वरून ६.३ वर आलं. पण त्या लोकांनी कीटो स्वतःहून निवडलं होतं, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, म्हणजे मुळातच जोरात असलेली मंडळी.

मला जास्त पटतो तो स्टॅनफर्डचा, ख्रिस्तोफर गार्डनर यांचा २०२२ चा. त्यात त्याच माणसांना १२ आठवडे कीटो आणि १२ आठवडे डाळी, फळं, अख्खी धान्यं असलेला मेडिटरेनियन आहार दिला, साखर आणि मैदा दोन्हीकडे बंद, भाज्या दोन्हीकडे भरपूर. पूर्ण करणारे ३३ जणच, म्हणजे छोटाच अभ्यास, पण एचबीए१सी दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. कीटोत ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त कमी झालं पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं, दुसऱ्या आहारात एलडीएल उतरलं. म्हणजे नणंदेची हार्टची काळजी अगदीच हवेतली नाही.

आणि दिरांचे १३ किलो विसरू नका! नणंदेचं वजन किती उतरलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, विचारून बघा. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, त्यात लोकांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचे नुसते शेक दिले होते (हे घरी करायचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम आहे ते). वर्षाने ४६ टक्के लोकांचा डायबेटिस औषधांशिवाय रेमिशनमध्ये गेला, म्हणजे शुगर डायबेटिसच्या पातळीखाली राहिली, आणि ज्यांचं १५ किलो किंवा जास्त वजन उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. त्या शेकमध्ये निम्म्याहून जास्त कॅलरी कार्बच्याच होत्या बरं का, हे दिरांना जरूर सांगा. लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिनचं गाडं परत रुळावर येतं, ती कुठल्या वाटेने उतरली ते शरीर फारसं विचारत नाही.

मग शिजवायचं काय, तर दोघांचं थोडं थोडं. भात-पोळी दिरांच्या हिशोबाने कमी आणि प्रोटीन बरंचसं नणंदेच्या डब्यातनं. आपल्याकडे शाकाहारी म्हणजे सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या वर भात, चारला चहा-खारी, रात्री भाकरी आणि शेवटी परत ताक-भात, आणि डाळ म्हणजे ते वरणाचं पाणी. ह्याला कोणी प्लांट बेस्ड म्हणू नये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) १८ हजार लोकांच्या अभ्यासातनं २०२२ मध्ये निघालं की कार्ब साधारण ५० टक्क्यांवर आणि प्रोटीन २० टक्क्यांवर आणलं तर आपल्या लोकांना फायदा. टक्के मोजत बसू नका, दुपारी एक भाकरी, दोन वाट्या मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी, रात्री भात नाही, घट्ट वरण किंवा पिठलं, अंडी खात असतील तर अंडी. पांढऱ्या रश्शाचं मी काही बोलत नाही, कोल्हापूर जिल्ह्याशी कोण वैर घेणार.

त्याआधी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि लिपिड प्रोफाइल करून घ्या, किडनीवर काही दिसलं तर प्रोटीन किती ते डॉक्टर सांगतील. आणि नणंदबाई मेटफॉर्मिन घेत असतील तर बी१२ तपासायला सांगा, गोळीने ते कमी होऊ शकतं आणि वर दूधही सोडलंय.

प्रश्न: ज्वारीने शुगर वाढत नाही म्हणून मी पोळी सोडून तीन भाकऱ्या खाते, तरी जेवणानंतर २४० कशी?

उत्तर: कारण तीन खाताय. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६८ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, गव्हात थोडे कमीच. एक खा, आणि ती पण भाजी-उसळीनंतर.

प्रश्न: एकादशीला साबुदाणा चालेल का?

उत्तर: साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, प्रोटीन जवळपास शून्य, त्यात बटाटा, म्हणजे साखरेत साखर. शेंगदाण्याची आमटी, ताक, राजगिऱ्याचं छोटंसं थालीपीठ घ्या. गोळीचं काय करायचं ते मात्र डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा, एकादशीच्या सकाळी फोन करून नाही.