जामीनकीला नाही म्हटलं तर भावकीत नाव खराब होईल, काय करावं?

चुलतभाऊ पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय आणि तुम्हाला भीड पडलीय, हे समजतं. अशी सही बहुतेक वेळा चारचौघांत मागतात, कारण तिथे माणूस नाही म्हणत नाही. म्हणून जागेवर होकार देऊ नका. "कागद दे, वाचून परवा सांगतो" एवढंच बोला.

"नुसती सही तर हवीय" हे साफ चूक आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, असं तुम्हाला म्हणता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खालचा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश, जामीनदारावरही निघतो. मग पगारातून कपात, नाहीतर जप्ती. रक्कम किंवा मुदतीचा रकाना कोरा असलेल्या कागदावर तर सही करूच नका, मग समोर सख्खा भाऊ का असेना.

नकार देताना खोटी सबब सांगू नका, ती उघडी पडली की खरंच नाव जातं. सरळ म्हणा, "दादा, सही नाही करणार, पण 20 हजार देतो, जमेल तेव्हा परत कर." आकडा असा धरा, की बुडाला तरी घर हलणार नाही.

सही आधीच झाली असेल, तर दर महिन्याला हप्त्याची पावती मागा. तुम्हाला भरावं लागलंच, तर पावत्या जपा. करार कायद्याच्या कलम 140 मुळे ती रक्कम चुलतभावाकडून वसूल करता येते.